पिकनिकवरचा खोटा आळ

‘पिकनिक’ हा शब्द तोंडातून काढू नका, तो वर्णद्वेषी आहे, असं बजावणारा एक मजकूर गेली पंचवीसेक वर्षं इंग्रजी बोलणाऱ्या जगात फिरतो आहे. आधी तो इमेलमधून फिरला, मग सोशल मीडियावर आला. गोष्ट अशी, की अमेरिकेच्या दक्षिणेतले गोरे लोक बायकापोरांसह मैदानात जमत, तिथे एखाद्या कृष्णवर्णीय माणसाची ‘निवड’ करत, त्याला झाडाला लटकवत आणि शेजारी चादरी पसरून जेवत. निवडण्यासाठीचं इंग्रजी क्रियापद ‘पिक’, त्याला जोडलेली कृष्णवर्णीयांसाठीची ती कुप्रसिद्ध शिवी, आणि या दोहोंचा अपभ्रंश म्हणजे ‘पिकनिक’. मजकुराच्या शेवटी एखाद्या मोठ्या संग्रहालयाचं नाव आधाराला चिकटवलेलं असतं. वाचणारा हादरतो, आणि हादरलेला माणूस सहसा पडताळणी करत बसत नाही. दुसऱ्या बाजूला तितकाच उतावळा गट आहे. ही व्युत्पत्ती खोटी आहे असं कळताच तो टाळ्या पिटतो: बघा, यांना उठसूट दुखावून घ्यायची हौसच आहे, वर्णद्वेषाची सगळी ओरड अशीच असते. एकजण खोट्या गोष्टीवरून शब्द गाडायला निघालेला, दुसरा त्याच खोट्या गोष्टीचा फायदा घेऊन खरा इतिहास गाडायला निघालेला. वाद चालतो तो या दोघांत, आणि म्हणूनच तो इतका निकस होतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही व्युत्पत्ती साफ खोटी आहे. ती खरी असती तरी तेवढ्या कारणावरून आजचा शब्द दोषी ठरला नसता. आणि ती खोटी आहे म्हणून ती ज्या अत्याचाराकडे बोट दाखवते तो अत्याचार तसूभरही खोटा ठरत नाही. ही तीन विधानं एकमेकांपासून वेगळी आहेत, पण वाद घालणारे त्यांची अशी गाठ मारून ठेवतात की एक ओढलं की बाकीची दोन फरफटत येतात.

पहिल्या विधानाला फार वेळ लागत नाही, पण तपशील मजेदार आहेत. ज़िल मेनाज या फ्रेंच विद्वानाच्या मृत्यूनंतर १६९४ साली त्याचा व्युत्पत्तिकोश छापला गेला. त्यात ‘पिकनिक’ची नोंद आहे. ज्या जेवणात प्रत्येकजण आपापला वाटा देतो ते जेवण, असा त्याने अर्थ दिला आहे. हा शब्द आपल्या भाषेत जुना नाही आणि बऱ्याच प्रांतांत तर माहीतही नाही, असंही तो सांगतो. फ्रेंचमध्ये ‘पिके’ म्हणजे टोचणं, चोचीनं उचलणं. ‘निक’ म्हणजे क्षुल्लक वस्तू की नुसतं यमक जुळवायला लावलेलं शेपूट, यावर कोशकारांचं एकमत नाही. इंग्रजीत हा शब्द दिसतो तो १७४८ साली, लॉर्ड चेस्टरफील्डने जर्मनीत शिकत असलेल्या मुलाला लिहिलेल्या पत्रात. मुलाने वर्णन केलेली पिकनिक त्याला आवडते, आणि तिथे पत्ते खेळतात ते केवळ बैठकीतला अवघडलेपणा घालवायला असणार, असं तो गृहीत धरतो. म्हणजे पिकनिक घरात, पत्त्यांच्या टेबलाशी. झाड नाही, गवत नाही.

पुढे १८०१-०२च्या सुमारास लंडनच्या उच्चभ्रूंनी ‘पिक-निक सोसायटी’ काढली. हौशी नाटकं करायची आणि मग एकत्र जेवायचं, असा तिचा कार्यक्रम. मार्च १८०२मध्ये ‘द टाइम्स’ने या जेवणाची पद्धत सांगितली आहे. वर्गणीदारांपुढे पदार्थांची यादी ठेवत. प्रत्येक पदार्थापुढे आकडा असे. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने तो पदार्थ पुरवायचा, स्वतःच्या बग्गीतून न्यायचा किंवा नोकराकरवी पाठवायचा. धंदेवाईक नाटकवाल्यांना या हौशी मंडळींचा राग आला आणि व्यंग्यचित्रकार जेम्स गिलरे याने त्यांची यथेच्छ टर उडवली. (हा गिलरे पुढे आणखी एका खोट्या व्युत्पत्तीच्या प्रकरणात भेटणार आहे.) पिकनिक घराबाहेर, हिरवळीवर गेली ती त्यानंतर, एकोणिसाव्या शतकात. अमेरिकेतलं लिंचिंग, म्हणजे झुंडीने कायदा हातात घेऊन माणूस मारणं, सार्वजनिक तमाशा बनलं ते १८७०च्या दशकानंतर. ‘लिंच लॉ’ हा शब्दप्रयोगसुद्धा अमेरिकन क्रांतीच्या काळातला. मग १६९४च्या फ्रेंच माणसाने पावणेदोनशे वर्षांनंतरच्या गुन्ह्यावरून, तेही त्याला परक्या असलेल्या इंग्रजी भाषेतली शिवी घेऊन, वाटणीच्या जेवणाला नाव दिलं असं मानायचं का? याला मराठीत बादरायण संबंध म्हणतात, आणि इथे तर बोरीचं झाडसुद्धा नाही.

इथवर आलं की टाळ्या पिटणारा गट खूश होतो. त्याने जरा थांबावं. कारण खोट्या गोष्टीच्या बाजूने जो सर्वांत जोरकस मुद्दा मांडता येतो तो शब्दाबद्दलचा नाहीच, प्रसंगाबद्दलचा आहे. लोक लिंचिंग बघायला जेवणाचे डबे घेऊन जात का? जात. मुलांना नेत का? नेत. मिशिगनमधल्या, वर्णद्वेषाच्या इतिहासाला वाहिलेल्या जिम क्रो म्युझियमचे संस्थापक डेव्हिड पिलग्रिम यांनी या प्रश्नाला उत्तर देताना दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत: ‘पिकनिक’चा उगम लिंचिंगमध्ये नाही, पण लिंचिंग अनेकदा सहलीच्या वातावरणात झालं. इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह या संस्थेने १८७७ ते १९५० या काळातल्या ४,४००हून अधिक वांशिक झुंडबळींची नोंद केली आहे. १८९९मध्ये जॉर्जियात सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जाळलं जाणार म्हणून अटलांटाहून आगगाडीने लोक गेले.

एक प्रसंग जरा जवळून पाहू. १५ मे १९१६, टेक्सासमधलं वेको शहर. जेसी वॉशिंग्टन हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय शेतमजूर. मालकिणीच्या खुनाचा आरोप. ज्यूरीने चार मिनिटांत दोषी ठरवलं आणि त्याच क्षणी गर्दीने त्याला न्यायालयातून ओढून नेलं. शहराच्या मध्यभागी, दुपारच्या जेवणाच्या सुटीत, दहा हजारांहून अधिक लोकांसमोर त्याला साखळीने झाडाला टांगून आगीवर खालीवर करत मारण्यात आलं. महापौर आणि पोलीसप्रमुख बघत होते. फ्रेड गिल्डरस्लीव्ह या स्थानिक छायाचित्रकाराने फोटो काढले आणि त्यांची पोस्टकार्डं विकली गेली. त्यातलं एक पोस्टकार्ड टिकून आहे. जो नावाच्या मुलाने ते आईवडिलांना पाठवलंय. पुढे जळलेला देह आणि घोळका, मागे मजकूर: काल रात्री आमचं हे बार्बेक्यू झालं, डावीकडे फुली मारली आहे तो मी.

बार्बेक्यू. मारणाऱ्यांच्या टोळीतल्या एकाने स्वतःच्या हाताने, सहीनिशी, खाण्यापिण्याचा जो शब्द या खुनाला लावला तो हा. मग बंदी कुणावर यायला हवी होती? ‘बार्बेक्यू’वर कुणी आक्षेप घेतल्याचं फारसं ऐकू येत नाही. तो शब्द कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांच्या भाषेतून, लाकडी चौकटीच्या नावावरून, स्पॅनिशमार्गे आला आणि त्याचं शेपूट कोणत्याही शिवीसारखं वाजत नाही, म्हणून तो सुटला. म्हणजे आपण ज्याला नैतिक निवाडा समजत होतो तो प्रत्यक्षात कानाचा निवाडा निघाला. ‘निक’ हा आवाज त्या शिवीच्या जवळ जातो, एवढ्या एका योगायोगावर सगळा खटला उभा आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

खोट्या गोष्टीने होणारं नुकसान एवढ्यावर थांबत नाही. या गोष्टीत लोक गर्दीतून कुणालाही ‘निवडतात’, जणू एखादा क्रूर खेळ. प्रत्यक्षात झुंड बहुतेकदा एक ठरावीक माणूस शोधत यायची, त्याच्यावर काहीतरी आरोप असायचा, आणि आपण न्याय करतो आहोत असा तिचा दावा असायचा. हे जास्त भयानक आहे. खेळ म्हणून मारणाऱ्याला समाज विकृत म्हणू शकतो. न्याय म्हणून मारणाऱ्याच्या पाठीशी शहराचा महापौर, स्थानिक वर्तमानपत्र आणि शांत बसलेलं न्यायालय असतं. न्यायाचा हा खोटा दावा मोडून काढायला आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार बाईंनी उभं आयुष्य घातलं. १८९२मध्ये मेम्फिसमध्ये त्यांच्या तीन परिचितांना झुंडीने मारलं. त्याविरुद्ध लिहिल्यावर त्यांच्या वर्तमानपत्राची कचेरी उद्ध्वस्त करण्यात आली. त्यांनी काय केलं? आकडे गोळा केले. झुंडीने मारलेले सगळे बलात्कारी होते, हा जो सर्वमान्य समज होता तो तपासला, तेव्हा ७२८ बळींपैकी जेमतेम एक तृतीयांशांवर तसा आरोप तरी ठेवला गेला होता असं दिसलं. १८९५च्या पुस्तिकेत तर त्यांनी मुद्दाम ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्या वर्तमानपत्राने जमवलेले आकडे घेतले, म्हणजे अतिशयोक्तीचा आरोप करायला कुणाला जागाच राहू नये.

वेल्सबाईंना हे पक्कं ठाऊक होतं की त्यांच्या एका चुकीच्या आकड्यावरून उरलेले सगळे खरे आकडे फेटाळले जातील. ज्याच्या बाजूला सत्ता नाही त्याला पुराव्याची चैन नसते, गरज असते. त्यांच्या या शिस्तीसमोर ‘पिकनिक’चा फॉरवर्ड ठेवून बघा. ज्याला अमेरिकेतल्या वर्णद्वेषाबद्दल काहीच ऐकायचं नाही, त्याच्या हातात यापेक्षा सोयीचं कोलीत दुसरं कोणतं द्यायचं? तो शब्दकोश उघडतो, १६९४ दाखवतो आणि वेकोबद्दल ऐकून घेण्यातून मोकळा होतो.

आता दुसरं विधान, जे मला या वादात खरं महत्त्वाचं वाटतं: उगम खरा असला तरी तो अर्थ ठरवत नाही. यावर लोक सहज मान डोलावतात आणि पुढच्याच वाक्यात उगमावरून अर्थ ठरवायला लागतात. शब्दाचा मूळ अर्थ हाच त्याचा खरा अर्थ, ही समजूत फार जुनी आहे. ‘एटिमॉलॉजी’ हा शब्दच ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ ‘खरा’ असा आहे. आपल्याकडे यावरचा वाद यास्काच्या निरुक्तात, वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या ग्रंथात, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, रंगलेला सापडतो. शाकटायन म्हणतो की सगळी नामं क्रियावाचक धातूंपासून झाली. गार्ग्य विचारतो, की रस्ता व्यापतो म्हणून घोडा ‘अश्व’ असेल, तर जो जो रस्ता व्यापेल त्या प्रत्येकाला अश्व का म्हणू नये? आणि एखादी वस्तू जितक्या क्रिया करते तितकी नावं तिला का मिळू नयेत? यास्क शाकटायनाच्या बाजूने उभा राहतो आणि गार्ग्याच्या शंकांना उत्तरंही देतो. नावामागे क्रिया आहे एवढ्यापुरतं त्याचं उत्तर पटतं. पण क्रियेवरून नावाचा आजचा वापर ठरतो का, या टोकावर गार्ग्याचा प्रश्न अजून तसाच बोचरा आहे. पुढच्या शास्त्रकारांनी हा तिढा एका ओळीत सोडवला: योगाद्रूढिर्बलीयसी. घटकांवरून निघणाऱ्या अर्थापेक्षा रूढ अर्थ बलवान. कुश नावाचं गवत हात न कापता उपटून आणणारा तो कुशल. आज कुशल शल्यविशारद म्हणताना त्याच्या हातात कुणी गवताची जुडी शोधत नाही. हरवलेल्या गाई शोधणं ती गवेषणा. भाषाशास्त्रातली गवेषणा करणाऱ्याला गोठ्याचा पत्ता विचारायचा का?

हे झालं निरुपद्रवी शब्दांचं. पण उगमवाद्यांची खरी पंचाईत विखारी शब्दांपाशी होते. ज्या शिवीवरून ‘पिकनिक’ आला असं सांगतात, त्या शिवीचाच उगम बघा. लॅटिनमध्ये ‘निगेर’ म्हणजे काळा, एक साधं रंगवाचक विशेषण. त्यापासून स्पॅनिश आणि फ्रेंच रूपं, आणि त्यांच्यावरून इंग्रजी. जन्माने त्या शब्दात कसलाही दोष नाही. उगमावरून शब्दाचं चारित्र्य ठरत असेल तर इंग्रजीतली सर्वांत घाणेरडी शिवी निर्दोष सुटते आणि वाटणीच्या जेवणाचं नाव फासावर जातं! ती शिवी विखारी आहे ती तिच्या वंशावळीमुळे नव्हे. गुलामांच्या बाजारात, मळ्यावर, झुंडीच्या तोंडी, शाळेच्या दारात शतकानुशतकं ती कुणी कुणाला उद्देशून उच्चारली, यामुळे ती विखारी आहे. वापराने शब्द नासतो, वापराने निवळतोही. म्हणून ‘हा शब्द कुठून आला?’ हा प्रश्न भाषेच्या इतिहासाचा, आणि ‘हा शब्द आज कुणाला, कसा लागतो?’ हा समाजाचा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याखाली लिहून पूर्ण गुण मिळत नाहीत.

या गल्लतीचे परिणाम कधी कधी प्रहसनाच्या पातळीवर जातात. २००० साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी विद्यापीठात बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या सन्मानार्थ पिकनिक ठरली होती. १९४७मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत तोडणारा हा खेळाडू. काही विद्यार्थ्यांनी ‘पिकनिक’वर आक्षेप घेतला. शब्द खोट्या कारणाने बदनाम आहे हे ठाऊक होतं, तरी भावना दुखावतात म्हणून तो काढून ‘आउटिंग’ घालण्यात आला. त्यावर समलिंगी विद्यार्थी नाराज झाले, कारण एखाद्याची लैंगिकता त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यालाही ‘आउटिंग’च म्हणतात. शेवटी कार्यक्रमाची जाहिरात कोणतंच नाम न वापरता झाली. रॉबिन्सनने काय सोसलं यावर त्या काळात किती चर्चा झाली असेल?

याआधी वर्षभर, जानेवारी १९९९मध्ये, वॉशिंग्टन शहराच्या महापौरांचे साहाय्यक डेव्हिड हॉवर्ड यांना पद सोडावं लागलं होतं. अंदाजपत्रकाबद्दल बोलताना त्यांनी ‘निगर्डली’ हा शब्द वापरला. अर्थ ‘कंजूष’. शब्द बहुधा स्कँडिनेव्हियन मुळाचा, ज्याच्यावरून झाला तो ‘निगर्ड’ चौदाव्या शतकापासून इंग्रजीत असलेला, त्या शिवीशी काडीचाही संबंध नसलेला. राजीनामा स्वीकारला गेला, मग गदारोळ झाला आणि त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आलं. इथेही खटला कानानेच चालवला होता. या प्रकरणात कृष्णवर्णीय नागरी हक्क चळवळीतल्या ज्येष्ठ मंडळींनीच हॉवर्ड यांची बाजू घेतली, हे टाळ्या पिटणाऱ्या गटाने लक्षात ठेवावं. अज्ञान हे एका समाजाचं वतन नाही.

आणि आता गिलरे. अंदाजपंचे कामचलाऊ नियमाला इंग्रजीत ‘रूल ऑफ थंब’ म्हणतात. अंगठ्याइतक्या जाडीच्या छडीने बायकोला मारायची मुभा देणाऱ्या इंग्लिश कायद्यातून तो वाक्प्रचार आला, असं हमखास सांगितलं जातं. असा कायदा इंग्लंडमध्ये कधीच नव्हता. वाक्प्रचार सतराव्या शतकापासून आढळतो आणि तो बहुधा अंगठ्याने माप घेण्याबद्दलचा आहे. १७८२मध्ये फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशाने असलं काही मत दिल्याची अफवा उठली आणि गिलरेने त्याला छड्या विकणारा ‘जज थंब’ म्हणून रंगवलं. वाक्प्रचाराशी या छडीची गाठ पडली ती जवळजवळ दोनशे वर्षांनंतर, १९७०च्या दशकात. साचा ओळखीचा वाटतो ना? अत्याचार खरा, कारण बायकांना मारणं अमेरिकेतल्या आणि इंग्लंडमधल्या न्यायालयांनी खरोखर पाठीशी घातलं. १८६८मध्ये उत्तर कॅरोलायनात एका नवऱ्याची सुटका झाली त्या खटल्यात छडीच्या जाडीची चर्चाही झाली. अत्याचार खरा आणि व्युत्पत्ती खोटी. माणसाला अन्याय एवढा मोठा दिसतो की त्याचा ठसा भाषेत कुठेतरी उमटलाच असेल असं त्याला वाटतं, आणि ठसा सापडला नाही की तो उमटवून घेतो. ही प्रेरणा मला कळते. ती दुष्ट नाही.

२०२१मध्ये अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाच्या एका साहाय्य केंद्राच्या संकेतस्थळावर टाळावेत अशा शब्दांची यादी झळकली. तिच्यात ‘पिकनिक’ आणि ‘रूल ऑफ थंब’ दोन्ही होते. पुढे त्रासदायक मजकूर आहे अशी आगाऊ सूचना देणारं ‘ट्रिगर वॉर्निंग’सुद्धा होतं, कारण ‘ट्रिगर’ म्हणजे बंदुकीचा चाप. ती विद्यापीठाची सक्ती नव्हती, सूचना होती, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. वर्तमानपत्रांनी ‘विद्यापीठाने बंदी घातली’ असा जो गहजब केला तो अतिरंजित होता.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. समोरच्याला लागत असेल तर एक शब्द टाळला म्हणून बिघडलं काय? दुखावणाऱ्याला कारणाचा दाखला मागायचा का? दोन माणसांमधला प्रश्न असेल तर माझं उत्तर सरळ आहे: टाळावा. ज्याच्या आजोबांना झुंडीने मारलं त्याच्यासमोर मी मेनाजचा कोश उघडणार नाही. सौजन्याला व्युत्पत्तीचं प्रमाणपत्र लागत नाही. पण विद्यापीठ किंवा सरकारी खातं एखादा शब्द वर्ज्य ठरवताना सोबत ‘कारण’ छापतं, तेव्हा ते सौजन्य दाखवत नसतं, माहिती देत असतं. ती माहिती खोटी असेल तर तिची जबाबदारी भावनांवर ढकलता येत नाही. शिवाय दुखावणं कुठून आलं हेही पाहावं लागतं. ‘पिकनिक’ ऐकून कुणाला वेदना होत असेल तर बहुतेक वेळा तो फॉरवर्ड वाचल्यामुळे होते. खोटी गोष्ट आधी जखम करते आणि मग जखमेचाच पुरावा म्हणून हवाला देते. अशा वेळी ती गोष्ट खोटी आहे हे प्रेमाने सांगणं जास्त सहृदयपणाचं, की ती आणखी पसरू देणं?

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे. लेखी नोंदी ठेवणारे कोण होते? गोरे, शिकलेले, सत्ताधारी. गुलामांची बोली कुणी लिहून ठेवली नाही. मग कोशातल्या तारखांना एवढं प्रमाण का मानायचं? आक्षेप वजनदार आहे. अमेरिकन इंग्रजीतल्या कित्येक शब्दांमागे आफ्रिकी भाषा असतील आणि कागदाअभावी त्यांचं श्रेय हरवलं असेल, हे मी मान्य करतो. पण हा युक्तिवाद जिथे कागद मुका आहे तिथे चालतो. ‘पिकनिक’च्या बाबतीत कागद बोलका आहे: फ्रेंच कोश, इंग्रजी पत्र, लंडनची सोसायटी, वर्तमानपत्रातलं वर्णन, आणि अर्थ कसा घरातून हिरवळीवर सरकला याची सलग साखळी. नोंदी अपुऱ्या असतात म्हणून आहेत त्याही नाकारायच्या, हा नियम एकदा मान्य केला तर वेल्सबाईंचे आकडेही त्याच झटक्यात जातात, कारण तेही गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रातून घेतलेले होते.

उगम खराखुरा कलंकित असेल तर काय करायचं, हा प्रश्न मात्र ‘पिकनिक’ सोडवत नाही. त्यासाठी दुसरा शब्द घ्यावा लागतो: ‘ग्रँडफादरिंग’. नवा नियम आला तरी जुन्यांना सूट, या अर्थाने तो बांधकामाच्या परवानग्यांपासून विम्यापर्यंत सर्रास वापरला जातो. १८७०च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णावरून मताधिकार नाकारायला बंदी केली. त्यावर लुइझियानाने १८९८च्या राज्यघटनेत शक्कल लढवली: मतदाराला साक्षरतेची किंवा मालमत्तेची अट, पण १ जानेवारी १८६७ला किंवा त्याआधी ज्याला मत देता येत होतं त्याला आणि त्याच्या मुला-नातवांना सूट. त्या तारखेला तिथल्या कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता. वर्णाचा उल्लेख न करता आजोबांच्या नावाने काम फत्ते. ओक्लाहोमाची अशीच तरतूद १९१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. ही व्युत्पत्ती पुराव्याने सिद्ध आहे, तिला तारीख आहे, कलम आहे, निकाल आहे. तरी ती शब्दसूचींमध्ये ‘पिकनिक’इतकी गाजत नाही, कारण तिच्यात फाशीचा दोर नाही आणि कानाला खटकेल असं अक्षरही नाही.

२०२०मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अपील न्यायालयाने बांधकामाच्या एका साध्या वादात हा शब्द वापरायचं नाकारलं आणि तळटीपेत त्याचा वर्णद्वेषी उगम हे कारण दिलं. माझ्याच युक्तिवादाप्रमाणे हे आवश्यक नव्हतं. आज तो शब्द ऐकून कुणाचा मताधिकार जात नाही आणि बहुतेकांना लुइझियाना आठवतही नाही. पण त्या तळटीपेशी वाद घालता येतो, कारण तिच्यात जे सांगितलंय ते खरं आहे आणि कुणालाही तपासता येतं. त्या न्यायालयात मी असतो तर शब्द ठेवला असता, आणि तळटीपही.